मधला खातेदार कुठे उभा आहे, ते विचारा

ग्रामसभेत, सहकारी संस्थेच्या वार्षिक सभेत किंवा रोजच्या वर्तमानपत्रात आपल्यासमोर आकड्यांचे तक्ते येतात. त्या तक्त्यांत माणसं एकेकटी नसतात, गटांत घातलेली असतात: एक हेक्टरच्या आतले इतके, एक ते दोन हेक्टरवाले इतके, दहाच्या वरचे इतके. मग कुणीतरी या सगळ्यांचं सार म्हणून एकच आकडा सांगतो आणि तो बहुतेक वेळा सरासरीचा असतो. माझं तुम्हाला कळकळीचं सांगणं आहे, की त्या आकड्यावर थांबू नका. तोच तक्ता जवळ ओढा आणि मधला माणूस कुठे आहे ते स्वतः काढून बघा. त्यासाठी लागणारं गणित दहावीच्या सांख्यिकीच्या धड्यात येतं. म्हणजे तुमच्यापैकी अनेकांनी ते एकदा केलेलं आहे, किंवा तुमच्या घरातलं कुणीतरी यंदा करत आहे.

जमिनीपासूनच सुरुवात करू, कारण खेड्यातल्या कर्जाचा, विम्याचा, अनुदानाचा विचार शेवटी तिथेच येऊन ठेपतो. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशभरात सुमारे १४.६५ कोटी वहिती खाती मोजली गेली. त्यांच्याखालची जमीन होती सुमारे १५.७८ कोटी हेक्टर. जमिनीला खात्यांनी भागलं की १.०८ हेक्टर येतात, म्हणजे दोन एकर सत्तावीस गुंठे. भारतातल्या खातेदाराकडे सरासरी १.०८ हेक्टर जमीन आहे, असं आपण जे ऐकतो ते इथून आलेलं. हिशेब बरोबर आहे. पण ऐकणाऱ्याच्या डोळ्यासमोर पावणेतीन एकरांचा एक शेतकरी उभा राहतो, आणि मनात नकळत बसतं की निम्मे शेतकरी त्याच्या वर असतील आणि निम्मे खाली.

त्याच गणनेतला गटवार तक्ता बघा. एक हेक्टरपेक्षा कमी जमीन असलेले, म्हणजे अत्यल्प भूधारक, ६८.४५ टक्के. एक ते दोन हेक्टरचे अल्प भूधारक १७.६२ टक्के. दोन ते चार हेक्टरचे ९.५५ टक्के, चार ते दहाचे ३.८० टक्के आणि दहा हेक्टर किंवा त्याहून जास्त असलेले ०.५७ टक्के. आता शंभर खातेदार जमिनीच्या क्रमानं एका रांगेत उभे करा, सगळ्यात कमी जमीन असलेला पहिला आणि सगळ्यात जास्त असलेला शंभरावा. पन्नासावा कुठे सापडतो? पहिल्याच गटात. दुसऱ्या गटाकडे वळायचीसुद्धा गरज पडत नाही, कारण पहिला गट अडुसष्टाव्या माणसापर्यंत पोचतो. मधल्या खातेदाराकडे एक हेक्टरसुद्धा नाही. हे कळायला कोणतंही सूत्र लागलं नाही, आणि यात अंदाजाचा भागही नाही. तक्ता खरा असेल तर हे विधान पूर्ण खरं आहे. सरासरीचा १.०८ मात्र या गटाच्या बाहेर, पुढच्या गटात जाऊन बसला आहे.

पुढची पायरी अंदाजाची. पहिल्या गटातले ६८.४५ खातेदार शून्यापासून एक हेक्टरपर्यंत सारखे पसरले आहेत असं धरलं, तर पन्नासाव्याची जागा ५० भागिले ६८.४५, म्हणजे ०.७३ हेक्टरवर येते. एक एकर बत्तीस गुंठे. शाळेतल्या रीतीनं काढलेला हा मध्यक.

पण इथे थांबायचं नाही. 'सारखे पसरले आहेत' हे आपण धरलं. तक्त्यानं तसं सांगितलेलं नाही. ते तपासायला एक आकडा त्याच गणनेत मिळतो: या गटातल्या खात्यांची आपापसातली सरासरी ०.३८ हेक्टर आहे. शून्य ते एकमध्ये माणसं सारखी पसरली असती तर ही सरासरी ०.५० च्या जवळपास आली असती. ती ०.३८ आहे, याचा अर्थ गटातली गर्दी खालच्या टोकाला आहे, वीस-तीस गुंठ्यांकडे. तेव्हा खरा मध्यक ०.७३ च्या बराच खाली असणार. गर्दी खालून वर एकसारखी उतरत जाते असं धरून आणि सरासरी ०.३८ राखून मी हिशेब केला, तर तो ०.५५ हेक्टरच्या आसपास आला. एक एकर चौदा गुंठे. सरासरीचा साधारण निम्मा. हाही अंदाजच आहे, पण पहिल्यापेक्षा जास्त माहितीवर उभा असलेला.

सरासरी इतकी वर का गेली, तेही तक्त्यातच आहे. दहा हेक्टर आणि त्यावरचे ०.५७ टक्के खातेदार एकूण वहिती जमिनीपैकी सुमारे नऊ टक्के जमीन कसतात. सरासरी काढताना त्यांचा प्रत्येक हेक्टर बेरजेत जातो आणि भागाकारानंतर प्रत्येक अत्यल्प भूधारकाच्या नावावर थोडाथोडा चढतो. मध्यक काढताना मात्र मोठ्या खातेदाराला रांगेत एकच जागा मिळते, त्याच्याकडे बारा हेक्टर असोत की एकशेवीस. (वहिती खातं म्हणजे सातबाऱ्यावरचं खातं नव्हे, हेही ध्यानात ठेवा. एकाच घटकाकडून कसली जाणारी सगळी जमीन मिळून एक वहिती खातं धरतात. त्यामुळे या तक्त्यावरून कुटुंबाच्या मालकीबद्दल थेट काही बोलू नये.)

आता रीत सबंध सांगतो, कारण मध्यक दर वेळी पहिल्या गटात पडत नाही. एकूण संख्येचा अर्धा करा. मग खालच्या गटापासून एकेक गटाची संख्या मिळवत वर चला. पुस्तकात याला संचित वारंवारता म्हणतात. ज्या गटात ही चढती बेरीज अर्ध्याला गाठते किंवा ओलांडते, तो मध्यक वर्ग. त्याच्या आधीच्या गटापर्यंत जेवढी बेरीज झाली होती ती अर्ध्यातून वजा करा. जे उरेल, तेवढी माणसं मध्यक वर्गात शिरून मोजायची आहेत. उरलेल्या संख्येला मध्यक वर्गाच्या संख्येनं भागा, त्या वर्गाच्या रुंदीनं गुणा, आणि आलेलं उत्तर वर्गाच्या खालच्या मर्यादेत मिळवा. झालं.

परीक्षेच्या धास्तीनं हे सूत्र पाठ करणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या शिक्षकांना माझी विनंती आहे की यातलं त्रैराशिक ओळखा. वर्गातली सगळी माणसं एवढ्या रुंदीत पसरली, तर त्यातली इतकी माणसं किती रुंदीत पसरतील, एवढाच प्रश्न आहे. आलेख कागदावर वर्गांच्या वरच्या मर्यादा आडव्या अक्षावर आणि संचित वारंवारता उभ्या अक्षावर घेऊन बिंदू मांडले, ते पट्टीनं जोडले आणि एकूण संख्येच्या निम्म्यावरून आडवी रेघ ओढली, तर ती जिथे छेदते तिथून खाली उतरून मिळणारं उत्तर सूत्राच्या उत्तराशी जुळतं. पट्टीची सरळ रेघ हेच ते 'सारखे पसरले आहेत' असं धरणं. एकदा हे दिसलं की सूत्र विसरण्याची भीती उरत नाही, आणि ते कुठे लंगडं पडेल हेही कळू लागतं.

मोठा, खराखुरा तक्ता घेऊन हे करून बघू. २०११ च्या जनगणनेत वयाचे पाच-पाच वर्षांचे गट आहेत. ० ते ४ वयाची ११.२८ कोटी मुलं, ५ ते ९ ची १२.६९ कोटी, १० ते १४ ची १३.२७ कोटी, १५ ते १९ ची १२.०५ कोटी, २० ते २४ ची ११.१४ कोटी आणि २५ ते २९ ची १०.१४ कोटी माणसं. असं करत तक्ता ८० आणि त्यावरील वयापर्यंत जातो. सगळे मिळून १२१.०९ कोटी.

अर्धा करायच्या आधी तक्त्याची शेवटची ओळ वाचा. तिथे 'वय सांगितलेलं नाही' असे सुमारे ४५ लाख लोक आहेत. एवढ्या मोठ्या देशात ४५ लाख म्हणजे अर्धा टक्कासुद्धा नाही. पण त्यांना एकूण संख्येत ठेवलंत तर अर्धा येतो ६०.५४ कोटी. २४ वर्षांपर्यंतच्या गटांची चढती बेरीज आहे ६०.४४ कोटी. अर्धा गाठला जात नाही, आणि मध्यक पुढच्या, २५ ते २९ च्या गटात सरकतो. ज्यांचं वय ठाऊक नाही, त्यांना आपण न बोलता रांगेच्या म्हाताऱ्या टोकाला उभं केलं, म्हणून असं झालं. ज्याला रांगेत जागाच देता येत नाही त्याला मोजणीतून वगळायला हवं. वगळलं की एकूण १२०.६४ कोटी, अर्धा ६०.३२ कोटी, आणि मध्यक वर्ग २० ते २४. तुमच्या हातातल्या कोणत्याही तक्त्यात 'माहिती नाही', 'उत्तर दिलं नाही', 'इतर' अशी ओळ दिसली की आधी तिच्याकडे बघा. ती छोटी दिसते म्हणून सोडू नका.

पुढचं सोपं आहे. १९ वर्षांपर्यंतची बेरीज ४९.३० कोटी (वरचे आकडे दोन दशांशांपर्यंत घेतल्यानं तुमची बेरीज शेवटच्या अंकात हलेल). ६०.३२ मधून ४९.३० गेले, उरले ११.०२. त्याला ११.१४ नं भागलं आणि पाचनं गुणलं, तर जवळजवळ ४.९५. वर्गाची खालची मर्यादा २०. उत्तर २४.९५, म्हणजे पंचवीसला टेकलेलं. २०११ साली या देशातल्या निम्म्या माणसांनी वयाची पंचविशी गाठली नव्हती.

खालची मर्यादा मी २० धरली. शाळेत असले वर्ग दिसले की आपण हात सवयीनं चालवतो: २० ते २४ आणि २५ ते २९ सलग नाहीत, मधे एकाचं अंतर आहे, म्हणून अर्धा वजा करून १९.५ ते २४.५ असे वर्ग करायचे. इथे तसं केलंत तर उत्तर २४.४५ येतं आणि ते चुकीचं आहे. जनगणनेत वय पूर्ण झालेल्या वर्षांत लिहितात. ज्याला चोवीस पूर्ण होऊन अकरा महिने झाले त्याचंही वय २४ लिहिलं जातं. म्हणून २० ते २४ हा गट खरं तर विसाव्या वाढदिवसापासून पंचविसाव्याच्या आदल्या दिवसापर्यंतचा आहे. त्याची खालची मर्यादा २०, वरची २५, आणि मधे कुठेही फट नाही. अर्धा वजा करायची रीत चालते ती जवळच्या पूर्णांकापर्यंत मोजलेल्या गोष्टींना, उदाहरणार्थ सेंटिमीटरमध्ये लिहिलेल्या उंचीला. १५१ ते १५५ सेंटिमीटर हा गट मोजपट्टीवर १५०.५ पासून सुरू होतो, कारण १५०.६ ला आपण १५१ लिहितो. वयाला आपण तसं वर ढकलत नाही. अर्ध्या वर्षाचा फरक किरकोळ वाटेल, पण या वयोगटात अर्ध्या वर्षाच्या पट्ट्यात सुमारे १.११ कोटी माणसं राहतात. शिक्षकांनी हे वर्गात जरूर सांगावं. वर्ग सलग करायच्या आधी मुलांनी विचारलं पाहिजे की हा आकडा मोजणाऱ्यानं लिहिला तरी कसा होता.

याच तक्त्यावरून सरासरी वय काढायचं ठरवलं तर 'ऐंशी आणि त्यावरील' या शेवटच्या गटापाशी अडायला होतं. त्याची वरची मर्यादाच नाही. तिथल्या सुमारे १.१३ कोटी माणसांसाठी कोणतं वय धरायचं, ८२ की ८६? काहीतरी मनानं घ्यावं लागतं. मध्यकाला ही अडचण येत नाही, कारण त्याला त्या माणसांची फक्त संख्या लागते. उत्पन्नाच्या तक्त्यांत तर वरचा गट बहुतेक वेळा उघडाच ठेवलेला असतो, 'पन्नास हजार आणि त्यावर' असा. कुणी अशा तक्त्यातून तुम्हाला सरासरी उत्पन्न काढून दाखवलं, तर वरच्या गटासाठी काय धरलंत, हे निःसंकोच विचारा.

गटवार आकड्यांवरचा हा हिशेब उलट्या बाजूनंही करता येतो, आणि महाराष्ट्रातल्या एका मोठ्या कामाच्या मुळाशी तोच प्रश्न होता. पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातल्या दारिद्र्यावरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या हाती राष्ट्रीय नमुना पाहणीचे घरखर्चाचे गटवार आकडे होते. जगायला पुरेसं अन्न मिळायला माणशी महिना किती खर्च लागेल हे त्यांनी आधी ठरवलं: १९६०-६१ च्या किमतींनी खेड्यात १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये. मग तक्त्यांत बघितलं की या रेषेखाली किती लोक आहेत. खेड्यांत सुमारे ४० टक्के आणि शहरांत सुमारे ५० टक्के, असं त्यांचं उत्तर होतं. मध्यक काढताना आपण विचारतो, कोणत्या रकमेच्या खाली निम्मी माणसं आहेत. त्यांनी विचारलं, या रकमेच्या खाली किती माणसं आहेत. शहरातला आकडा तर अर्ध्यावरच आला, म्हणजे साडेबावीस रुपये हा शहरी खर्चाचा जवळजवळ मध्यकच निघाला. देशाच्या दारिद्र्याबद्दलचा पुढचा कितीतरी वाद गटांत बांधलेल्या अशा आकड्यांवर झाला आहे. त्या कामाचं मोठेपण मला यात वाटतं, की आकडा काढायच्या आधी त्यांनी कुणाबद्दल विचारायचं ते ठरवलं होतं.

तुम्हाला एवढं मोठं काम करायचं नाही. गावातल्या सभेपुरतं बघू. समजा, एका दूध संस्थेत ८० उत्पादक आहेत. रोज ५ लिटरच्या आत दूध घालणारे २२, पाच ते दहा लिटरवाले २६, दहा ते वीसवाले १८, वीस ते चाळीसवाले १० आणि चाळीसच्या वरचे ४. सभेत प्रस्ताव येतो की किमान सरासरीएवढं दूध घालणाऱ्याला पशुखाद्यात सवलत द्यावी. ऐकायला रास्त वाटतं. आता कागद घ्या. प्रत्येक गटाचा मधला आकडा धरून आणि शेवटच्या गटाला ६० लिटर धरून सरासरी येते १३.२५ लिटर. मध्यक काढा: ऐंशीचा अर्धा चाळीस, पहिल्या गटाचे बावीस गेले, उरले अठरा, अठरा भागिले सव्वीस, गुणिले पाच, अधिक पाच. साडेआठ लिटरच्याही थोडं खाली. संस्थेतले निम्मे उत्पादक साडेआठ लिटरपर्यंतही पोचत नाहीत. मग उलटा हिशेब करा. सव्वातेरा लिटरच्या वर किती जण? दहा ते वीसच्या गटातले साधारण बारा, अधिक दहा, अधिक चार, म्हणजे सव्वीस. ऐंशीतले सव्वीस. सवलतीचा पैसा सगळ्यांच्या दुधातून येणार आणि दोन तृतीयांश लोक दाराबाहेर राहणार. कदाचित संस्थेला मोठ्या उत्पादकांनाच उत्तेजन द्यायचं असेल, आणि तसं करायला सभा मुखत्यार आहे. पण मग ठरावात तसं स्पष्ट लिहावं. 'सरासरी' या शब्दाच्या आड, कुणाच्या लक्षात न येता, ते होऊ देऊ नका.

म्हणून सभेला जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, उभं राहून विचारा: अर्धे लोक कोणत्या आकड्याच्या खाली आहेत? उत्तर देणाऱ्याला मध्यक हा शब्द माहीत नसला तरी चालेल. तक्ता समोर असेल तर दोघं मिळून तिथल्या तिथे काढाल. आणि तुम्ही स्वतः मध्यक सांगाल तेव्हा आधी गट सांगा, मग अंदाज. 'मधला उत्पादक पाच ते दहा लिटरच्या गटात आहे, अंदाजे साडेआठ लिटरवर.' यातला पहिला भाग नक्की आहे आणि दुसरा धरून चाललेला. ऐकणाऱ्याला दोन्ही वेगळे कळायला हवेत. यंत्रानं दिलेले ८.४६१५ असले चार दशांश फळ्यावर लिहू नका. त्या अंकांमागे माहिती नाही, फक्त भागाकार आहे.

ज्यांच्या हातात तक्ता तयार करणं आहे, त्या ग्रामसेवकांना, संस्थांच्या सचिवांना, शाळांच्या मुख्याध्यापकांना आणि पाहणी करणाऱ्या कार्यकर्त्यांना माझं वेगळं आवाहन आहे. गट पाडताना जिथे माणसांची दाटी आहे तिथे गट अरुंद ठेवा. मध्यकाचा अंदाज चुकला तरी तो एका गटाच्या रुंदीपेक्षा जास्त चुकत नाही, आणि ती रुंदी तुमच्या हातात आहे. कृषी गणनेच्या सविस्तर तक्त्यांत एक हेक्टरखालचा गट अर्ध्या हेक्टरपाशी तोडलेला असतो. अर्ध्या हेक्टरच्या आतले किती आणि त्यावरचे किती हे वेगळं समजतं, म्हणून वर मी केलेला अंदाज ज्याला तपासायचा असेल त्यानं आपल्या राज्याचा, जिल्ह्याचा सविस्तर तक्ता काढून तो तपासावा. बातमीत आणि भाषणात मात्र एक हेक्टरचा सरसकट गटच येतो, आणि ज्या गटात देशातले दोन तृतीयांश खातेदार आहेत त्याच्या आत काय आहे हे झाकलेलं राहतं. ५ लिटरवाल्याला कोणत्या गटात टाकलं, तेही तक्त्यावर लिहा. '०–५' आणि '५–१०' असं नुसतं लिहिलं की मोजणारे दोघे दोन तऱ्हांनी मोजतात. प्रत्येक गटाची आपली सरासरी जमली तर द्या. ०.३८ या एका आकड्यानं जमिनीच्या तक्त्यात किती उजेड पडला ते आपण बघितलंच. आणि मूळ यादी, नावं झाकून का होईना, जपून ठेवा. यादी असेल तर मध्यकाचा अंदाज करायची वेळच येत नाही, मोजता येतो.

आणखी एक गोष्ट, आणि ती तुमच्या-माझ्या घरातली आहे. भारताच्या जनगणनेत ज्यांनी एकेका वर्षाचे वयाचे आकडे बघितले आहेत, त्यांना ठाऊक आहे की वीस, पंचवीस, तीस, पस्तीस, चाळीस या वयांवर माणसांचे ढीग दिसतात आणि शेजारच्या वयांवर खड्डे. एकाच वर्षी खरोखर एवढी माणसं जन्मलेली नसतात. वय विचारलं की आपण 'असेल चाळीसेक' म्हणतो आणि लिहिणारा चाळीस लिहितो. आपल्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून ही जन्मतारीख लावलेल्या पिढ्याच्या पिढ्या आहेत, आणि ज्या आज्यांना शाळाच मिळाली नाही त्यांचं वय तर घरच्यांच्या अदमासावर चालतं. २०११ च्या तक्त्यात मध्यक २४.९५ वर, बरोबर पंचविसाच्या काठावर पडला. त्या काठापलीकडेच पंचविसाचा ढीग आहे, आणि त्यात चोविशीतली किती माणसं सरकून बसली असतील हे सूत्राला कळायला मार्ग नाही. गटाच्या आत माणसं सारखी पसरलेली नसण्याचं एक कारण इथे आपण स्वतः आहोत.

पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक जाहीर झाला आहे. प्रगणक दारात येण्याआधी घरातल्या प्रत्येकाची जन्मतारीख एका कागदावर लिहून ठेवा. आजी-आजोबांची तारीख माहीत नसेल, तर त्यांच्याशी बसून ठरवा: बहात्तरच्या दुष्काळात ते केवढे होते, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा लग्न झालं होतं का, पहिलं मूल तेव्हा कडेवर होतं की शाळेत. दोन-तीन खुणा जुळल्या की वर्ष बरंच जवळ येतं. मग प्रगणकाला पूर्ण झालेलं वय सांगा, त्रेसष्ट असेल तर त्रेसष्ट. साठ नको, पासष्टही नको.